मुद्दा क्रमांक एकोणीस

सातपूरला स्कूटर लावली तेव्हा
पहिल्या पाळीचा भोंगा नुकताच विरत होता,
आणि थंडी अशी, की बॅगेतली प्रपत्रं
बोटांना पत्र्यासारखी लागली.
मुख्याध्यापकांचं नेतृत्व : अडतीस मुद्दे,
प्रत्येकाला एक ते पाच.
प्रशिक्षणात आम्हाला बजावलंय,
तीन म्हणजे काहीच न म्हणणं, शक्यतो टाळा.
गेल्या आठवड्यात मी अकरा शाळांना
तीनच देऊन आलो.

गांगुर्डे बाई फाटकाशी उभ्या होत्या.
माझ्या स्वागताला नाही,
आत येणाऱ्या पोरांच्या पायांकडे बघत.
"ज्याच्या पायात बापाची चप्पल,
त्याचा बाप आज घरी आहे.
दोन दिवस तीच दिसली, की विचारायचं,
कंपनी चालू आहे ना रे?"

'परिसराशी समन्वय' : चार.
पुरावा म्हणून फोटो हवा होता.
मोठ्या चपलेतल्या लहान पायांचा काढला.
अ‍ॅपने नाकारला : चेहरा आढळला नाही.

ऑफिसात दौलत खैरनारने चहा आणला,
कान तुटलेला कप स्वतःला ठेवून.
मुद्दा सात. शाळेचं ध्येयवाक्य
दर्शनी भागात लावलं आहे का?
"होतं. ओल आली, उतरवलं.
त्या खिळ्याला आता मुलींच्या संडासाची किल्ली असते.
न विचारता घ्यायची, न सांगता ठेवायची."
मी खिळ्याकडे बघितलं.
किल्ली नव्हती. म्हणजे कुणीतरी घेतली होती.

असं वाटू नये की बाई गोड आहेत.
बनकर सर रजेचा अर्ज घेऊन आले,
तर माझ्यादेखत म्हणाल्या,
"तुमची सासू वर्षातून किती वेळा आजारी पडते हो?"
सरांचे कान लाल झाले.
'सहकाऱ्यांना प्रोत्साहन' : दोन.
त्यांनी उलटं वाचलं, आणि मान डोलावली.

मग स्वतःच म्हणाल्या,
"एकोणीसला एक लिहा."
एकोणीस म्हणजे निर्णयक्षमता.

"मागच्या जानेवारीत मोनाली बेंडकुळेचा दाखला दिला.
नववी ब. आई म्हणाली,
दिंडोरीकडं चाललो द्राक्षावर, तिथंच शाळेत घालतो.
कागद बरोबर होते. मी सही केली.
जूनमध्ये त्या शाळेला फोन लावला,
या नावाचं कुणी आलंच नाही म्हणाले."
"मग?"
"मग काय. कागद अजूनही बरोबर आहेत."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.
मोनालीच्या नावाखाली दोन बोटं जागा सोडून
हिरव्या शाईत : तपासले. अद्ययावत. शेरा नाही.
अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही.
फेब्रुवारीत केंद्रावर गठ्ठा आला होता,
मी उभ्याउभ्याच उरकला होता,
बाहेर कुणीतरी जेवायला थांबलं होतं.

बाई काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
वर्गावरून पाढ्यांसारखा एक आवाज येत होता,
पण पाढे नव्हते,
कुणीतरी नद्यांची नावं चुकवत होतं.

टेबलाच्या काचेखाली यादी होती :
दिंडोरी तालुक्यातल्या सात शाळा,
पाचांवर पेन्सिलीची फुली.
"उरलेल्या दोन आतल्या बाजूला आहेत.
बस जाते, पण परत येत नाही वेळेवर.
तुमच्याकडे गाडी आहे?"

अडतीसात हा प्रश्न नव्हता.
"स्कूटर आहे," मी म्हणालो.
"तेल अर्धंच आहे."

एकोणीससमोरचा चौकोन कोराच होता.
अ‍ॅप विचारत होतं, जतन करायचं का.
बाईंनी कानाला स्कार्फ बांधला,
कपाटाची किल्ली दौलतकडे दिली,
आणि जिन्यात मध्येच थबकून म्हणाल्या,
"पाच मिनिटं थांबा खाली.
बनकरांची माफी मागून येते."